'गिमु', 'साइमु', 'सेकिनिन' : जपानी कायद्याच्या भाषेतील कर्तव्यवाचक शब्द

जपानी साहित्य मराठीत येते ते बहुतेक वेळा इंग्रजीच्या वाटेने. या प्रवासात जे गळून पडते त्यात कर्तव्यवाचक शब्दांचा भरणा मोठा आहे. मूळ मजकुरात 'गिमु', 'गिरी', 'साइमु', 'सेकिनिन', 'त्सुतोमे' असे निरनिराळे शब्द असतात. इंग्रजीत त्यांचे दोन-तीन होतात आणि मराठीत पोहोचेपर्यंत बहुधा एकच उरतो : कर्तव्य. फार तर कोठे 'जबाबदारी', कोठे 'ऋण'. ललित वाङ्मयात या सपाटीकरणाने एखाद्या पात्राच्या मनोव्यापाराची छटा हरवते. कायद्याच्या मजकुरात मात्र त्याहून अधिक काही हरवते. तेथे कर्तव्याला कोणता शब्द लावला आहे यावर माणसाला न्यायालयात दाद मागता येईल की नाही, हे ठरत असते.

प्रस्तुत लेखात या शब्दांपैकी काहींचा परिचय करून द्यावयाचा आहे. संपूर्ण यादी देण्याचा हेतू नाही. ती कोशात मिळते. येथे प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारावयाचा आहे : या कर्तव्याच्या समोर कोण उभा आहे, आणि त्याला ते मागता येते काय? मराठीच्या अभ्यासकाने या खटाटोपात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण असे की, परकी न्यायसंकल्पना पचविण्यासाठी आपण जसे संस्कृत धातूंकडे वळलो तसे जपानी भाषा चिनी अक्षरांकडे वळली. दोन अक्षरे जोडून नवी संज्ञा घडवावयाची आणि जुन्या अक्षरांचा गंध त्या संज्ञेला चिकटून राहावयाचा, हा अनुभव तत्सम शब्दांच्या आधारे परिभाषा घडविणाऱ्या मराठीला अपरिचित नाही.

१

'गिमु' हा आज जपानीतील कायदेशीर कर्तव्याचा सर्वसाधारण शब्द आहे. त्याचे वय मात्र आपल्याला वाटते त्यापेक्षा कमी आहे. आधुनिक अर्थाने तो रूढ झाला तो मेइजी कालखंडाच्या आरंभी, आणि त्यामागे मित्सुकुरी रिन्शो (१८४६–१८९७) या भाषांतरकाराचे श्रम आहेत. १८६९मध्ये नव्या सरकारने त्याच्याकडे फ्रेंच दंडसंहितेचे भाषांतर सोपविले; पुढे इतर संहिताही आल्या. कोश नाहीत, मार्गदर्शक नाही, आणि ज्या संकल्पनांचे भाषांतर करावयाचे त्या समाजाला ठाऊक नाहीत, अशी त्याची स्थिती होती. कायदेनिर्मितीची घाई झालेल्या एतो शिम्पेइ या मंत्र्याने त्याला चुका झाल्या तरी चालतील, पण भाषांतर लवकर करा असे बजावले होते, ही कथा जपानी विधिज्ञ आजही सांगतात. भाषांतर-अभ्यासाच्या वर्गात ती अवश्य सांगावी अशी आहे.

हक्कासाठी 'केन्री' आणि कर्तव्यासाठी 'गिमु' हे शब्द आपण घडविले नाहीत, असे मित्सुकुरीने पुढे स्वतःच सांगितले. हेन्री व्हीटन या अमेरिकन लेखकाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथाचे चिनी भाषांतर विल्यम मार्टिन या मिशनऱ्याने १८६४मध्ये प्रसिद्ध केले होते व पुढच्याच वर्षी ते जपानात पुनर्मुद्रित झाले होते. त्या भाषांतरातून हे शब्द घेतल्याची त्याची आठवण आहे. म्हणजे अमेरिकन ग्रंथ, चिनी भाषांतर, फ्रेंच संहिता आणि जपानी कायदा अशी ही चौपदरी उसनवारी होय.

'गिमु'मधील पहिले अक्षर 'गि' हे सदाचार, न्याय्यता, सत्त्व या अर्थांचे, कन्फ्यूशियन परंपरेतील अत्यंत वजनदार अक्षर आहे. दुसरे 'मु' म्हणजे काम, नेमून दिलेला व्यवहार. सदाचाराने नेमून दिलेले काम, असा या संज्ञेचा अक्षरशः अर्थ होईल. उलट 'केन्री'मधील 'केन' म्हणजे सत्ता आणि 'री' म्हणजे लाभ. ज्या समाजात 'गि' आणि 'री' ही अक्षरे शतकानुशतके सदाचार विरुद्ध स्वार्थ अशी परस्परविरोधी शिकविली गेली, त्या समाजाच्या कायद्यात कर्तव्याच्या वाट्याला सदाचार आला आणि हक्काच्या वाट्याला स्वार्थ! फुकुझावा युकिचीने आपल्या 'गाकुमोन नो सुसुमे' (१८७२–७६) या पुस्तकात 'केन्री' लिहिताना लाभवाचक 'री'ऐवजी तत्त्व किंवा विवेक या अर्थाचा, उच्चाराने तोच असलेला दुसरा 'री' वापरला. हा सूक्ष्म भेद टिकला नाही. कायद्यात लाभाचा 'री'च राहिला.

याच भाषांतराच्या निमित्ताने घडलेला एक प्रसंग बोलका आहे. नागरी हक्कांसाठीच्या फ्रेंच शब्दाला मित्सुकुरीने 'मिन्केन', म्हणजे लोकांची सत्ता किंवा लोकांचा हक्क, असा प्रतिशब्द सुचविला. तेव्हा लोकांना सत्ता असते म्हणजे काय, यावरून समितीत वाद पेटला. कर्तव्याचा शब्द मात्र असा अडल्याचे ऐकिवात नाही. त्याला बसावयास जागा तयारच होती. अखेर एतोनेच मध्यस्थी केली. हा शब्द मारूही नका, जगवूही नका. तूर्त राहू द्या, पुढे कधी तरी तो उपयोगी पडेल, अशा आशयाचा त्याचा सल्ला होता. (हाच एतो १८७४मध्ये सागा येथील बंडानंतर मृत्युदंडास गेला.)

१८८९च्या मेइजी राज्यघटनेत 'प्रजाजनांचे हक्क व कर्तव्ये' असे प्रकरण आहे आणि लष्करी सेवा व कर ही कर्तव्ये त्यात नमूद आहेत. ३ मे १९४७ रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेत प्रजाजनांच्या जागी नागरिक आले आणि लष्करी सेवा गेली. शिक्षण, काम आणि कर ही तीन कर्तव्ये नोंदविली गेली. यातील शिक्षणाच्या कर्तव्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. 'गिमु क्योइकु' या संज्ञेचे मराठीत आपण सहजपणे 'सक्तीचे शिक्षण' असे करू. पण सक्ती कोणावर? अनुच्छेद २६नुसार मुलाला शिक्षण मिळण्याचा हक्क आहे आणि 'गिमु' आहे ते त्याला शाळेत पाठविणाऱ्या पालकाचे. शब्दात हा भेद दिसत नाही, म्हणून शाळेत जाणे हे आपलेच कर्तव्य अशी समजूत जपानी मुलांतही आढळते. तसेच अनुच्छेद ९९. राज्यघटनेचा आदर व रक्षण करण्याचे 'गिमु' सम्राट, मंत्री, संसदसदस्य, न्यायाधीश व इतर लोकसेवक यांच्यावर आहे. त्या यादीत सामान्य नागरिकाचा उल्लेख नाही. कर्तव्य कोण वाहतो हे शब्दाने नव्हे, वाक्याने सांगितले जाते.

'वाहतो' हे क्रियापद येथे मुद्दाम योजले आहे. जपानीत कर्तव्य 'ओउ' करतात, म्हणजे पाठीवर घेतात. कर्जही पाठीवरच घेतात आणि उपकारही. ते पुरे करण्याला कायद्यात 'रिको' म्हणतात. त्यातील पहिले अक्षर पायांत घालण्याचे व पायांखाली तुडविण्याचे, दुसरे चालण्याचे. पाठीवर ओझे घेऊन वाट तुडवावयाची, असे हे चित्र आहे. आपल्याकडे कर्तव्य 'पार पाडतात', त्यात ओझे नाही.

२

'साइमु' आणि 'सेकिनिन' या शब्दांकडे वळले की वातावरण बदलते. सदाचाराचे 'गि' येथे नाही. दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच जुने अक्षर आहे : जपानी उच्चार 'सेकि', देशी वाचन 'सेमेरु', म्हणजे जाब विचारणे, दोष देणे, तगादा लावणे. प्राचीन काळी पैशाचे काम करणाऱ्या कवडीचे चिन्ह या अक्षराच्या पोटात आहे. त्याच्या डावीकडे माणसाचे चिन्ह जोडले की 'साइ' होते, म्हणजे कर्ज; त्यापुढे कामाचा 'मु' आला की 'साइमु'. ऋणकोने जे करावयाचे ते 'साइमु' आणि धनकोला जे मागता येते ते 'साइकेन'. नाणे एकच, बाजू दोन. पैसे देणे एवढाच त्याचा अर्थ नाही; माल पोहोचविणे, घर बांधून देणे, एखादी गोष्ट न करणे हेही 'साइमु'च. १८९८मध्ये अमलात आलेल्या नागरी संहितेचा एक संपूर्ण भाग याच नात्याला वाहिलेला आहे. त्याचे शीर्षक मात्र धनकोच्या बाजूने, 'साइकेन', असे आहे.

'सेकिनिन'मध्ये तोच जाब विचारणारा 'सेकि' आणि सोपविणे या अर्थाचा 'निन' आहे. मराठीतील 'जबाबदारी' हा फारसी वळणाचा शब्द त्याच्या बराच जवळ येतो, हा योगायोग सुखद आहे. ज्याच्याकडे जबाब आहे तो जबाबदार. ज्याला जाब विचारावयाचा म्हणून काम सोपविले आहे तो 'सेकिनिन' असलेला. दोहोंतही समोर विचारणारा गृहीत आहे. याउलट 'कर्तव्य' हे संस्कृत व्याकरणाच्या दृष्टीने 'करण्यास योग्य' एवढेच सांगणारे रूप आहे. करणारा कोण आणि मागणारा कोण याविषयी ते मौन पाळते. भाषांतरात हा शब्द सोयीचा वाटतो तो या मौनामुळेच, आणि फसवितोही त्याचमुळे.

जर्मन विधिशास्त्राच्या प्रभावाखाली जपानी विधिज्ञ 'साइमु' आणि 'सेकिनिन' यांत एक तात्त्विक भेद करतात. 'साइमु' म्हणजे देणे असणे. 'सेकिनिन' म्हणजे न दिल्यास मालमत्तेवर जप्ती येणे. बहुधा दोन्ही जोडीने असतात; पण देणे आहे आणि वसुली नाही, असेही घडू शकते. याचे उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकांत एक खटला हमखास सांगितला जातो. ओसाकातील दोतोनबोरी भागातल्या मारुतामा नावाच्या कॅफेत एक गृहस्थ वारंवार जात. तेथील एका परिचारिकेशी त्यांची जवळीक झाली आणि तिने स्वतंत्र व्हावे म्हणून ४०० येन देण्याचे त्यांनी कबूल केले, कागदही करून दिला. पैसे आले नाहीत तेव्हा ती न्यायालयात गेली. २५ एप्रिल १९३५ रोजी तत्कालीन सर्वोच्च न्यायालयाने जो विचार मांडला तो असा : क्षणिक भावनेच्या भरात मर्जी संपादन करण्यासाठी दिलेले असे वचन गृहस्थाने आपण होऊन पाळले तर ते देणे वैधच ठरेल, दिलेले पैसे परत मागता येणार नाहीत, मात्र तिला ते सक्तीने वसूल करून घेता येणार नाहीत. देणे आहे, मागणे नाही. खालच्या न्यायालयांनी तिच्या बाजूने दिलेला निर्णय फिरवून प्रकरण परत पाठविण्यात आले. एका स्त्रीच्या स्वतंत्र उपजीविकेचा प्रश्न अशा रीतीने 'नैसर्गिक साइमु' या संज्ञेचे उदाहरण होऊन बसला, याची खंत पाठ्यपुस्तके सहसा व्यक्त करीत नाहीत.

३

साहित्याच्या अभ्यासकाला 'गिरी' हा शब्द अधिक परिचित असतो, आणि तो परिचय बहुधा रूथ बेनेडिक्ट यांच्या 'द क्रिसॅन्थिमम अँड द सोर्ड' (१९४६) या ग्रंथामुळे झालेला असतो. जपानला कधीही न गेलेल्या या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने उपकाराच्या फेडीची दोन भागांत मांडणी केली : कितीही फेडले तरी न संपणारे ते 'गिमु', आणि घेतले तेवढेच मोजून परत करावयाचे ते 'गिरी'. मांडणी आकर्षक आहे. परंतु येथील 'गिमु'चा कायद्यातील 'गिमु'शी संबंध अगदीच क्षीण आहे. कायद्यातील 'गिमु' संपते. कर भरला की त्या वर्षाचे संपले, मूल नऊ वर्षे शिकले की पालकाचे संपले. सम्राटाविषयीची अनंत निष्ठा आणि करभरणा यांना एकाच शब्दाखाली आणल्याने जपानी माणूस कायद्यालाही भक्तिभावानेच पाहतो, असा समज पसरला. प्रस्तुत लेखकाच्या मते या समजाने कायद्याच्या भाषेचे वाचन बराच काळ बिघडविले.

'गिरी'चे खरे रूप पाहावयाचे तर चिकामात्सु मोन्झाएमोन याच्या नाटकांकडे जावे लागते. १७२१च्या आरंभी ओसाकात बाहुल्यांच्या रंगमंचावर आलेल्या त्याच्या 'शिन्जू तेन नो आमिजिमा' या नाटकात कागदाच्या व्यापाऱ्याची पत्नी ओसान ही पतीच्या प्रेयसीला, गणिका कोहारूला, पत्र लिहून त्याचा नाद सोडण्याची विनवणी करते. कोहारू शब्द पाळते, त्यासाठी स्वतःवर कृतघ्नतेचा आळ घेते. पण दुसराच कोणी तिला विकत घेऊन सोडविणार हे कळताच ओसानच्या ध्यानात येते की ही आता जीव देईल. आणि त्या स्त्रीविषयीच्या 'गिरी'पोटी ती आपले कपडे गहाण टाकून सवतीच्या सुटकेसाठी पैसे उभे करू पाहते. कोहारूने काही मागितलेले नाही, मागण्याचा तिला अधिकारही नाही. कोणी मागत नाही म्हणूनच ते टाळता येत नाही, हा 'गिरी'चा पेच आहे. विधिज्ञ कावाशिमा ताकेयोशी यांनी 'निहोन्जिन नो हो-इशिकि' (१९६७) या गाजलेल्या पुस्तकात परंपरागत समाजात कर्तव्याची जाणीव प्रबळ असली तरी तिच्या समोर उभी राहणारी हक्काची जाणीव दुर्बल होती, असे प्रतिपादन केले. त्यांचे निष्कर्ष सरसकट मान्य झाले नाहीत. जॉन हेली यांनी १९७८मध्ये, जपानी माणूस न्यायालयात जात नाही तो स्वभावामुळे नव्हे तर न्यायव्यवस्थेच्या मर्यादांमुळे, असा प्रतिवाद केला. तो वाद येथे सोडवावयाचा नाही. 'गिरी' संहितेत नाही, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

४

मात्र 'गिरी'तले आणि 'गिमु'तले 'गि' हे अक्षर संहितेत दुसऱ्या दाराने शिरले. १९४७च्या दुरुस्तीने नागरी संहितेच्या पहिल्याच कलमात, हक्क बजावताना आणि कर्तव्य पार पाडताना 'शिन्गि'नुसार, म्हणजे विश्वासाला जागून, सचोटीने वागले पाहिजे, अशी तरतूद आली. न्यायालयांना हा विचार आधीच परिचित होता. १९२५च्या एका निकालात सोयाबीनच्या पेंडीचा व्यवहार होता. माल 'फुकागावा येथे' मिळेल एवढेच ठरले होते. नेमकी वखार कोणती ते ठाऊक नव्हते म्हणून पैसे दिले नाहीत, असे खरेदीदाराचे म्हणणे होते. ठाऊक नव्हते तर विचारावयाचे होते, एका प्रश्नाने काम भागले असते, असे न्यायालयाने सुनावले. करारात कोठेही न लिहिलेले 'विचारण्याचे कर्तव्य' अशा रीतीने जन्मास आले.

या दारातून पुढे काय आत आले, हे पाहण्यासाठी उत्तर जपानातील हाचिनोहे येथे जावे लागेल. जुलै १९६५मध्ये तेथील स्वसंरक्षण दलाच्या तळावर, वाहन-दुरुस्तीच्या आवारात काम करीत असताना मागे येणाऱ्या एका अवजड वाहनाखाली सापडून दलातील एका सदस्याचा मृत्यू झाला. आईवडिलांना नियमाप्रमाणे ठराविक रक्कम मिळाली. आणखी काही मागता येते हे त्यांना उशिरा कळले आणि १९६९मध्ये त्यांनी सरकारवर दावा लावला. सरकारचे उत्तर साधे होते : दावा अपकृत्याचा, त्याची मुदत तीन वर्षांची, ती उलटून गेली. खालच्या दोन्ही न्यायालयांत हे उत्तर टिकले.

येथे शब्दाचा प्रश्न निर्णायक झाला. अपकृत्य म्हणजे एरवी एकमेकांशी काही नाते नसलेल्या दोघांत एकाने दुसऱ्याला पोहोचविलेली इजा. पण सरकार आणि त्याच्या सेवेतील माणूस हे असे परके होते काय? २५ फेब्रुवारी १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाही असे उत्तर दिले. विशेष प्रकारच्या सामाजिक संपर्कात आलेल्या पक्षांना 'शिन्गि'च्या तत्त्वानुसार परस्परांविषयी काही आनुषंगिक कर्तव्ये असतात. आपल्यासाठी काम करणाऱ्याच्या जिवाची व प्रकृतीची काळजी वाहणे हे सरकारचे असेच कर्तव्य आहे, असे न्यायालयाने मानले. या कर्तव्याला 'आन्झेन हाइर्यो गिमु' म्हणतात. 'आन्झेन' म्हणजे सुरक्षितता. 'हाइर्यो' हा शब्द मात्र रोजच्या व्यवहारातला, दुसऱ्याचा विचार करून वागणे, जपणे या अर्थाचा. ते कर्तव्य मोडले की तो नुसता अपघात उरत नाही, देणे न फेडण्याचाच एक प्रकार होतो. आणि अशा देण्याची मुदत नागरी संहितेनुसार तेव्हा दहा वर्षांची होती. मुदतबाह्य ठरलेला दावा पुन्हा जिवंत झाला व फेरविचारासाठी परत गेला.

मृत्यू तोच, आवार तेच, वाहन तेच. घटनेला कोणते नाते लावावयाचे आणि म्हणून कर्तव्याला कोणते नाव द्यावयाचे, एवढेच बदलले. हे नाव पुढे कारखान्यांतील अपघात, व्यवसायजन्य आजार अशा खटल्यांत सतत उच्चारले गेले आणि २००७च्या श्रमकरार कायद्याच्या पाचव्या कलमात त्याला लिखित रूप मिळाले. मुदतीतील मूळ तफावतही आता बरीच कमी झाली आहे. १ एप्रिल २०२०पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार जीवित वा शरीराच्या हानीबाबत दोन्ही मार्गांना, माहिती झाल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. संज्ञेने आधी जे मिळवून दिले ते संहितेने नंतर मान्य केले.

'हाइर्यो'साठी मराठीत 'दक्षता' हा शब्द सुचेल. पण 'दक्षता'मध्ये स्वतःला सावरण्याचा भाव अधिक आहे. 'काळजी वाहणे' हा घरगुती प्रयोग मूळच्या जवळ जातो, आणि त्यातले 'वाहणे' 'ओउ'शी जुळतेही.

५

जपानी भाषेतील एका उच्चारसाम्याने कायद्यात मोठीच गंमत केली आहे; ज्यांना ती भोगावी लागली त्यांना गंमत वाटली नसेल. 'त्सुतोमेरु' हे क्रियापद तीन निरनिराळ्या अक्षरांनी लिहितात. एकाचा अर्थ नेमलेले काम बजावणे. हेच 'गिमु'तले 'मु'. दुसऱ्याचा अर्थ नोकरी करणे. तिसऱ्याचा अर्थ प्रयत्न करणे, झटणे. कानाला तिन्ही एकच. या तिसऱ्या अर्थाने कायद्यात एक नवाच प्रकार रूढ झाला : 'दोर्योकु गिमु', प्रयत्नाचे कर्तव्य. प्रयत्न केला पाहिजे, पण तो फळास आला नाही तर शिक्षा नाही, आणि समोरच्याला त्या फळावर दावाही सांगता येत नाही.

१९८५च्या समान रोजगार-संधी कायद्यात प्रशिक्षण, निवृत्ती, बडतर्फी यांबाबत स्त्रियांशी भेदभाव करण्यास मनाई होती. परंतु भरती, नेमणूक आणि बढती, म्हणजे ज्या दारातून आत जावयाचे आणि ज्या जिन्याने वर चढावयाचे नेमके तेथे, मालकाने समान संधी देण्यासाठी 'झटले पाहिजे' एवढेच म्हटले होते. १९९७मध्ये दुरुस्ती होऊन एप्रिल १९९९पासून तेथेही मनाई आली. एका मोठ्या रोखे-व्यवहार कंपनीतील स्त्री-कर्मचाऱ्यांच्या दाव्यात तोक्यो जिल्हा न्यायालयाने २० फेब्रुवारी २००२ रोजी जो निकाल दिला त्यात हीच तारीख सीमारेषा ठरली. स्त्री-पुरुषांना वेगवेगळ्या मार्गांवर ठेवण्याची पद्धत एप्रिल १९९९नंतर बेकायदेशीर, त्यापूर्वी मात्र तशी म्हणता येणार नाही. कारण त्यापूर्वी कायद्यात केवळ प्रयत्नाचे कर्तव्य होते. ज्या स्त्रियांनी आपल्या नोकरीची उमेदीची वर्षे त्या रेषेच्या अलीकडे घालविली, त्यांच्या बाबतीत 'झटणे' या क्रियापदाची किंमत रुपया-पैशांत, नव्हे येनमध्ये, मोजता येईल.

'दोर्योकु गिमु' अद्याप जोमात आहे. एप्रिल २०२३पासून सर्व सायकलस्वारांना शिरस्त्राण घालण्याचे असेच कर्तव्य आहे. न घातल्यास दंड नाही. मराठीत याला 'ऐच्छिक' म्हणावे तर चूक, 'बंधनकारक' म्हणावे तर अधिक मोठी चूक. 'प्रयत्नकर्तव्य' हा शब्द कानाला खडबडीत लागतो हे मान्य. पण येथे खडबडीतपणाच उपयोगाचा आहे, कारण वाचक त्यावर अडखळतो आणि थांबतो.

६

वाक्यरचनेविषयी थोडे. जपानी आणि मराठी या दोन्ही क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषा असल्यामुळे कर्तव्याचे वजन दोहोंतही वाक्याच्या शेपटात असते. जपानी कायद्यातील ठाम आज्ञेचे रूप 'शिनाकेरेबा नारानाइ' असे आहे. त्याची फोड 'करीत नसेल तर होत नाही' अशी करता येईल. हा दुहेरी नकार आपल्याला मुळीच परका नाही. 'केल्यावाचून चालणार नाही' हा आपला रोजचा प्रयोग तोच होय. फरक कर्त्यात आहे. मराठीत 'मला जावे लागते' असे म्हणताना कर्ता चतुर्थीत जातो, कर्तव्य त्याच्याकडे बाहेरून चालून आल्यासारखे वाटते. जपानीत कर्ता आपल्या जागेवरून हलत नाही. मनाईचे रूप 'शिते वा नारानाइ', करून होत नाही, हे आज्ञेचे आरशातले प्रतिबिंब आहे.

या दोहोंच्या खालच्या पायरीवर 'मोनो तो सुरु' आहे. 'अशी गोष्ट समजावयाची' असा काहीसा त्याचा शब्दशः अर्थ. कायद्यात शासनसंस्थांना दिशा दाखविताना, थोडा वाव ठेवून, तो येतो. खासगी करारांत मात्र तोच प्रयोग सरळ बंधन म्हणून वाचला जातो. आपल्या अधिनियमांत 'राज्य शासन अमुक करील' असे जे भविष्यकाळी रूप येते त्याची आज्ञार्थकता अशीच संदर्भावर अवलंबून असते. जपानी कायद्यांच्या इंग्रजी भाषांतरासाठी २००६मध्ये शासनाने प्रमाण शब्दकोश सिद्ध केला त्यात अशा वाक्यान्तांनाही स्वतंत्र नोंदी द्याव्या लागल्या, हे कोशकारांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

७

शेवटी पैशाची नावे. कर्तव्य कोणते मानले हे कधी कधी दिलेल्या रकमेच्या नावावरून कळते, आणि ते नाव देणाराच ठरवीत असतो. बेकायदेशीर कृत्याने झालेल्या हानीची भरपाई म्हणजे 'बाइशो'. कायदेशीर कृत्यामुळे, उदाहरणार्थ रस्त्यासाठी जमीन घेतल्यामुळे, झालेल्या तोट्याची भरपाई म्हणजे 'होशो'. आणि कोणतेही कर्तव्य न मानता केवळ सहानुभूती म्हणून दिलेली रक्कम म्हणजे 'मिमाइकिन'. 'मिमाइ' म्हणजे आजाऱ्याच्या समाचाराला जाणे. 'किन' म्हणजे पैसा.

३० डिसेंबर १९५९ रोजी मिनामाता येथील चिस्सो कंपनीने पारायुक्त सांडपाण्याच्या विषबाधेने पीडित झालेल्या रुग्णांशी जो करार केला तो 'मिमाइकिन करार' या नावानेच ओळखला जातो. मृतासाठी तीन लाख येन, अंत्यविधीसाठी वीस हजार, प्रौढ रुग्णाला वर्षाला एक लाख, अल्पवयीनाला तीस हजार. आणि एक कलम असे की, पुढे रोगाचे कारण कारखान्याचे सांडपाणीच आहे असे सिद्ध झाले तरी नव्याने भरपाई मागणार नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कारखान्याच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांच्या प्रयोगात, सांडपाणी मिसळलेले अन्न खाऊ घातलेल्या मांजरात रोगाची लक्षणे दिसलेली होती. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतो जिल्हा न्यायालयाने हा करार सार्वजनिक सुव्यवस्था व नीतीच्या विरुद्ध म्हणून रद्दबातल ठरविला आणि 'बाइशो' म्हणून दरमाणशी सोळा ते अठरा लक्ष नव्हे, एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख येन देवविले.

इशिमुरे मिचिको यांच्या 'कुगाइ जोदो' (१९६९) या ग्रंथामुळे मिनामाताची कहाणी साहित्यात स्थिरावली आहे, आणि कधी तरी ती मराठीत येईल. तेव्हा भाषांतरकारापुढे 'मिमाइकिन' हा शब्द उभा राहील. 'नुकसानभरपाई' असे लिहिले तर वाक्य सुबोध होईल. पण कंपनीला कागदावर जो शब्द येऊ द्यावयाचा नव्हता तोच आपण तिच्या तोंडी घालू. 'सानुग्रह अनुदान' लिहिले तर सरकारी कागदाचा वास येईल. 'समाचाराचे पैसे' असे लिहावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. आजाऱ्याच्या उशाशी फळे ठेवून निघून यावे तसे दिलेले ते पैसे होते, आणि घेणाऱ्यांच्या घरी त्या वेळी दुसरे काही नव्हते.